वर्तुळातली न दिसणारी रेघ

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त चैत्रात भरलेल्या सभेतील भाषण)



आपल्या मंडळात आजवर आरोग्यावर, बालसंगोपनावर, संतवाङ्मयावर आणि उन्हाळी वाळवणांवर व्याख्याने झाली. भूमितीवर बोलण्यासाठी कोणाला उभे केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत दोघीतिघी एकमेकींकडे पाहून हसल्या, तेही माझ्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांनी निश्चिंत असावे. मी कोणालाही फळ्यापाशी बोलावणार नाही. मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसण्याची विनंती आधीच केली होती, ती बहुतेकींनी पाळली आहे, म्हणून आभार मानते.

हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे. आमच्या गल्लीतली एक मुलगी नववीत आहे. तिची आई घरी नगावर फ्रॉक शिवते. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे निवृत्तीनंतरही संध्याकाळी चार मुली वही घेऊन माझ्याकडे येतात. त्यांत ही एक. मध्यंतरी ती येईनाशी झाली म्हणून मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "बाई, भूमिती तिच्या डोक्यात शिरत नाही. मलाही कधी कळली नाही, माझंच उचललंय तिनं. दहावीला अडकली तर बसेल मशीनवर, दुसरं काय!" हे ती काही रडून सांगत नव्हती. पावसाळ्यात छत गळते म्हणावे, तितक्या सहजपणे सांगत होती, आणि तेच मला लागले.

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. चौपदरी घडी घातलेल्या कापडाच्या कोपऱ्यावर तिने टेपचे टोक डाव्या अंगठ्याने दाबून धरले होते आणि दुसऱ्या टोकाशी खडू धरून ती पाव वर्तुळ आखीत होती. अंगठा म्हणजे केंद्र, टेप म्हणजे त्रिज्या आणि खडूची रेघ म्हणजे परीघ. मुलीच्या पुस्तकातले वर्तुळाचे प्रकरण जमिनीवर पसरलेले होते, आणि ते आपल्याला कळत नाही असे त्या दोघी मला सांगत होत्या!

तेव्हा आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. वर्तुळाच्या उदाहरणात मुली अडतात त्या बहुधा एकाच ठिकाणी. पुस्तकातल्या आकृतीत वर्तुळ असते, एखादी जीवा असते, एखादी स्पर्शिका असते. जी रेघ हवी ती मात्र काढलेली नसते. ती आपण काढावयाची असते, आणि शंभरातल्या नव्वद वेळा ती रेघ म्हणजे त्रिज्या. केंद्र शोधा आणि जिथे काही घडते आहे त्या बिंदूला ते जोडा. वर्तुळाला गुण म्हणावा असा एकच आहे: त्याच्या सगळ्या त्रिज्या सारख्या. बाकीचे सारे त्यातूनच निघते.

प्रथम केंद्र शोधू. थाळी कागदावर पालथी घाला आणि भोवती पेन्सिल फिरवा. वर्तुळ मिळाले, पण त्याचे केंद्र कोठे आहे? डोळ्यांनी अंदाज करू नका. वर्तमानपत्राचा एक कोपरा घ्या. तो यंत्राने कापलेला असल्यामुळे सरळ काटकोन असतो. कोपऱ्याचे टोक वर्तुळाच्या रेषेवर टेकवा आणि कागद आतल्या बाजूस राहू द्या. कोपऱ्याच्या दोन्ही कडा वर्तुळाला आणखी दोन ठिकाणी छेदतील. त्या दोन खुणा पट्टीने जोडा, म्हणजे व्यास झाला. दुसऱ्या जागी कोपरा टेकवून असाच आणखी एक व्यास काढा. दोन्ही व्यास जेथे छेदतील ते केंद्र. गोल रुमालाच्या मधोमध फूल भरावयाचे असेल तर ह्याच युक्तीने त्याचा मध्य सापडतो.

हे असे का घडते? येथे ती न दिसणारी रेघ काढा. कोपऱ्याचे टोक केंद्राला जोडले की मोठ्या त्रिकोणाचे दोन लहान त्रिकोण होतात. प्रत्येकात दोन बाजू त्रिज्या आहेत, म्हणून त्या सारख्या आहेत. आणि बाजू सारख्या तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे. म्हणजे टोकावरच्या कोनाचा डावा भाग डाव्या कोपऱ्याएवढा आणि उजवा भाग उजव्या कोपऱ्याएवढा. टोकावरचा कोन हा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका झाला. तिन्ही मिळून १८० अंश, तेव्हा तो एकटा ९०. उलट बाजूनेही हे खरे ठरते: परिघावर टेकलेला कोन काटकोन असेल तर समोरची रेघ व्यासच असते. एवढीच सिद्धता आहे. पुस्तकात ती 'पक्ष', 'साध्य', 'रचना', 'सिद्धता' अशा चार मथळ्यांखाली येते. मथळे वाईट नाहीत, त्यांनी विचाराला शिस्त लागते. पण मुली चारही मथळे पाठ करतात आणि 'रचना' हा शब्द म्हणजे 'इथे तू स्वतः एक रेघ काढ' असे निमंत्रण आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता जीवा. नववीच्या पुस्तकातले प्रमेय असे: केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. त्यावरची उदाहरणे साधारण एका साच्याची असतात. त्रिज्या १३ सेंटिमीटर, जीवा केंद्रापासून ५ सेंटिमीटर दूर, तर जीवेची लांबी किती? आकृतीत नुसती जीवा आणि लंब काढून मुलगी बसून राहते. तिला जीवेचे एक टोक केंद्राला जोडावयास सांगा. लगेच काटकोन त्रिकोण उभा राहतो. कर्ण १३, एक बाजू ५. १३ चा वर्ग १६९, ५ चा वर्ग २५, वजाबाकी १४४, म्हणून दुसरी बाजू १२. ही झाली अर्धी जीवा, पुरी २४. अर्धीवरच थांबून १२ उत्तर लिहिणाऱ्या मुली मी इतक्या पाहिल्या आहेत की, शेवटी मी वर्गात 'बारा वाजले' म्हणायची आणि त्या समजायच्या.

हीच आकृती साडेआठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी किती सुंदर रीतीने घातली आहे पाहा. त्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ इसवी सन ११५० च्या सुमाराचा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, असे सांगणारा शिलालेख आपल्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. तेव्हा हे गणित परके नव्हे. उदाहरण असे आहे: तळ्यात एक कमळ पाण्याच्या वर वीतभर डोकावते आहे. वाऱ्याने ते हळूहळू कलले आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडाले. तर पाणी किती खोल?

येथे वर्तुळ कोठेच दिसत नाही. पण देठ तळाशी पक्का आहे आणि त्याची लांबी बदलत नाही. म्हणजे देठ ही त्रिज्या झाली, तळ हे केंद्र, आणि कलताना कमळाने काढला तो वर्तुळाचा कंस. पाण्याची पातळी ही जीवा आणि अर्धी जीवा २ हात. जीवेच्या वर राहिलेल्या तुकड्याला आपल्याकडे 'शर' म्हणजे बाण म्हणतात. तो वीतभर, अर्थात अर्धा हात. नियम असा की, अर्ध्या जीवेला अर्ध्या जीवेने गुणले की येणारी संख्या, शराला उरलेल्या व्यासाने गुणले की येणाऱ्या संख्येइतकीच असते. दोन दुणे चार. अर्ध्याला कितीने गुणले म्हणजे चार? आठने. तर व्यास साडेआठ हात, देठ सव्वाचार हात आणि पाणी पावणेचार हात खोल.

'लीलावती'विषयी एक कथा सांगतात, ती तुम्हीही ऐकली असेल. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये ह्या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आलेली आहे. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावरून पाहत होते. तिच्या वेषातला एक मोती पात्रात पडला, भोक बुजले, मुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनासाठी बापाने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांनी स्वतः असे काही लिहिलेले नाही. कथा गोड आहे, पण मला ती कधीच आवडली नाही. मुलीला गणित शिकवावयाला तिचे लग्न का मोडावे लागते? ग्रंथातली कित्येक उदाहरणे 'हे बाले', 'हे मृगनयने' अशी हाक मारून विचारलेली आहेत. उत्तर देईल अशी कोणी समोर बसली आहे, हे धरूनच ती विचारली आहेत. मला तेवढे पुरे आहे.

तोच नियम आपल्या हातातल्या बांगडीला लावू. बांगड्यांची मापे तुम्हाला माहीत आहेत: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा. ही दशांश चिन्हाची मापे नव्हेत, हे मुलींना जरूर सांगा. दुसरा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो. दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच इंच, आणि दोन-दहा हे दोन-आठहून मोठे. आता समजा, एखादीच्या सासूबाईंची जुनी बांगडी फुटली, तुकडाच हाती राहिला, आणि त्याच मापाची बांगडी करून घ्यावयाची आहे. तुकडा कागदावर ठेवून आतल्या कडेने पेन्सिल फिरवा. कंसाची दोन टोके जोडा, ही जीवा. ती २ इंच भरली. तिच्या मध्यावर काटकोनात रेघ काढून कंसापर्यंतचे अंतर मोजा, हा शर. तो अर्धा इंच भरला. अर्धी जीवा १. एक एके एक. अर्ध्याला दोनने गुणले की एक. उरलेला व्यास २, त्यात शराचा अर्धा मिळवला, एकूण अडीच. बांगडी दोन-आठची. कासाराकडे जाण्यापूर्वी माप आपल्या हातात.

आता फ्रॉककडे येते, कारण त्यावाचून आपल्या गावाचे पान हलत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बरॅकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते ह्या वस्तीचे उल्हासनगर झाले. तेव्हापासून शिवणयंत्राने येथे किती संसार चालवले, हे आपल्या सिंधी शेजारणी आणि आपण सगळ्याच जाणतो.

लहान मुलीचा छत्री घेराचा फ्रॉक घेऊ. कंबर २२ इंच. हा वर्तुळाचा परीघ, आणि आपल्याला हवी आहे त्रिज्या. भास्कराचार्यांनी व्यवहारासाठी परीघ आणि व्यास यांचे प्रमाण २२ ला ७ असे दिले आहे, आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७ ला १२५०. कात्रीला पहिले पुरते. परीघ २२ तर व्यास ७, त्रिज्या साडेतीन. शिवणीत अर्धा इंच जाणार, म्हणून कात्री तीन इंचांवर लावावयाची. कापडाचा पन्हा ४४ इंच, म्हणजे चौपदरी घडीत २२ इंच मिळतात. त्यांतून कंबरेचे साडेतीन वजा केले, तर साडेअठरा. अर्धा इंच खालच्या दुमडीला सोडा. बिनजोडाचा घेर १८ इंच लांबीचा निघेल, त्याहून अधिक नाही. गिऱ्हाईक २० इंच मागत असेल तर मोठ्या पन्ह्याचे कापड आणावे लागेल किंवा जोड द्यावा लागेल, हे कापड घेण्यापूर्वी सांगता येते. कात्री लावल्यावर सांगण्यात काय अर्थ?

खालच्या कडेला लेस किती? त्रिज्या साडेएकवीस, व्यास ४३, परीघ जवळजवळ १३५ इंच. साडेतीन मीटर आणावी. आणि एक गंमत: फ्रॉक बाहुलीचा असो की नवरीचा, पूर्ण छत्री घेराची लांबी एका इंचाने वाढली की खालचा घेर सव्वासहा इंचांहून किंचित जास्त वाढतो. कंबर किती आहे ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. का, ते घरी जाऊन पाहा.

शिकाऊ हात कोठे चुकतो? घडीच्या दोन्ही कडांवर २२-२२ इंचांच्या खुणा करतो आणि मध्ये पट्टीने सरळ रेघ मारतो. टेप कोपऱ्यापासून मध्यभागी धरून पाहा: तेथे साडेपंधराच इंच भरतील. कापड उलगडले की वर्तुळाऐवजी चौकोन निघतो, चार टोके लोंबतात, मधल्या भागात साडेसहा इंचांचा घाटा. जीवा आणि कंस ह्यांतला फरक ह्याहून स्वच्छ कोणत्या पुस्तकात दाखवलेला आहे?

हेच मी त्या आईला सांगितले. पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "हा बिंदू 'म' म्हणजे तुमचा अंगठा. आता पोरीला विचारा, टेप कुठे कुठे धरशील?" तिने विचारले. मुलगी प्रथम गप्प होती, मग चिडली, मग तिने पेन्सिलीने आकृतीत एक त्रिज्या काढली. त्या दिवशी दोन उदाहरणे सुटली. दहावीला तिला किती गुण पडतील हे मी सांगू शकत नाही. पण संध्याकाळी ती परत येऊ लागली आहे, आणि आई आता शेजारी बसून 'केंद्र जोडलंस का?' एवढे एकच विचारते. भगिनींनो, बाकी काही येत नसले तरी हा एक प्रश्न कोणत्याही आईला विचारता येईल.

स्पर्शिकेचे थोडक्यात सांगते. सायकलचे चाक जमिनीला एकाच ठिकाणी टेकते आणि त्या जागेवरची त्रिज्या जमिनीशी काटकोन करते. उदाहरण येते: त्रिज्या ५, बाहेरचा बिंदू केंद्रापासून १३ वर, तर स्पर्शिकाखंड किती? केंद्र स्पर्शबिंदूला जोडा. काटकोन मिळाला, उत्तर १२. मघाचीच पाच-बारा-तेराची त्रयी वेष बदलून आली आहे. ती फार जुनी आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात काटकोनासाठी ज्या जोड्या दिल्या आहेत, त्यांत तीन-चार आहे आणि बारा-पाचही आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखणाऱ्यांजवळ दोरी आणि खुंट्या एवढेच सामान होते. आजही गवंडी पाया आखताना दोरीवर तीन, चार, पाच मोजूनच काटकोन धरतो.

कात्यायनाच्या शुल्बसूत्रात त्याच दोरीने पूर्व-पश्चिम कशी काढावी ते दिलेले आहे. सपाट जमिनीत शंकू, म्हणजे उभी काठी, रोवावी. काठीच्याच उंचीच्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाच्या रेषेला टेकते, तेथे खूण करावी. दुपारनंतर ती वाढत दुसऱ्या बाजूला पुन्हा टेकते, तेथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की ती जीवा पूर्व-पश्चिम. तिच्या मध्यातून काठीपर्यंतची रेघ उत्तर-दक्षिण, कारण केंद्रापासून जीवेच्या मध्याला जाणारी रेघ जीवेवर लंबच असते. नववीचे तेच प्रमेय.

आज सकाळी चौथीच्या दोन मुलींना हाताशी घेऊन मी आपल्या अंगणात, चैत्रांगणाच्या रांगोळीपासून जरा दूर, अशी काठी रोवून वर्तुळ काढले आहे. नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी सावली टेकली. तेथे खडा ठेवला आहे. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचे आणि आपण त्र्याहत्तरच्या आसपास, म्हणून आपला खरा मध्यान्ह घड्याळात साडेबारा उलटून सातआठ मिनिटांनी होतो. त्या हिशेबाने दुसरी खूण तीन वाजून चाळीस मिनिटांनी पडावयास हवी. आता साडेतीन वाजले आहेत. चहा थोडा थांबेल. पट्टी आणि दोरी कार्यवाहबाईंकडे आहे. चला, बाहेर अंगणात जाऊ.